खेड्यात मांजर पाळताना: घरी काय बघायचं, दवाखाना कधी गाठायचा

पऱ्हाटी_काठ (धागाकर्ता)

राजेहो, घरात धान्य, सरकी, ढेप आली की उंदीर आले आणि उंदीर आले की मांजर आलंच. पण बैल लंगडला तर तासाभरात डॉक्टरला फोन जातो, मांजर कोपऱ्यात जाऊन बसलं तर "होईल दोन दिवसांत बरं" म्हणतात. मांजर दुखणं लपवणारा प्राणी आहे. ते दिसायला लागेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो, त्यामुळे हे दोन दिवस फार महागात पडतात. त्यात आपल्याकडे मांजर तपासणारा डॉक्टर बहुधा तालुक्याला, नाहीतर जिल्ह्याला. म्हणून सकाळपर्यंत काय थांबू शकतं आणि काय थांबू शकत नाही, याची माहिती एका जागी असावी यासाठी हा धागा.

सुरुवात निरोगी मांजराच्या मापांपासून.

तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट. माणसाच्या हाताला मांजर नेहमीच गरम लागतं, तेव्हा हात लावून ताप ठरवू नका. नाक ओलं की कोरडं यावरूनही काही ठरत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला खोबरेल तेल लावा, एकाने मांजराचे खांदे धरायचे आणि दुसऱ्याने शेपटी उचलून टोक गुदद्वारात साधारण दोन सेंटीमीटर सरकवायचं. हा थर्मामीटर कायम वेगळा ठेवायचा. १०३ च्या वर ताप, १०४ ला त्याच दिवशी दवाखाना. ९९ च्या खाली उतरलं तर ती तापापेक्षा मोठी काळजी. गोधडीत गुंडाळा आणि निघा.

श्वास झोपेत मोजायचा. छाती एकदा वर-खाली झाली की एक. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. २० ते ३० ठीक. शांत झोपेत सतत ३० च्या वर असेल तर दाखवून घ्या. ४० च्या वर गेला, किंवा मांजर तोंड उघडून धापा टाकतंय, तर थांबायचं नाही. कुत्रं जीभ बाहेर काढून धापलं तर चालतं, मांजराचं तसं नसतं.

ओठ उचलून हिरड्या बघा. गुलाबी हव्या. बोटाने दाबून सोडलं की दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. पांढऱ्या फटक म्हणजे रक्त कमी किंवा शॉक, पिवळ्या म्हणजे कावीळ, तपकिरी किंवा निळसर म्हणजे विषबाधेचा किंवा श्वासाचा प्रश्न.

आणि रोज एकदा लक्ष ठेवायच्या दोन गोष्टी: खाल्लं का, लघवी केली का. मोठ्या मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरला फोन करावा. पिल्लाच्या बाबतीत १२ तासही जास्तच. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की शरीरातली चरबी यकृतात साचते आणि मग मूळ आजार राहतो बाजूला, यकृतच निकामी व्हायला लागतं.

ढेप_सरकी

चांगला धागा. एक विचारतो. बोका सारखा राखेत नाहीतर मातीत जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो, पण काही होत नाही. अशा वेळी गावात म्हणतात शौचाला खडा झाला, एरंडेल पाजा. पाजावं का?

जित्राब_डॉक्टर

नाही पाजायचं, भाऊ. बोका जोर करतोय आणि काही येत नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत लघवी अडली असंच धरायचं. मांजरांत ज्या गोष्टींना रात्र काढता येत नाही त्यांत ही सगळ्यात वरची.

बोक्याची मूत्रनळी टोकाकडे फार अरुंद होत जाते. लघवीतले बारीक खडे, आतल्या सुजेमुळे सुटलेला चिकट स्राव आणि नळीचं आकुंचन, तिन्ही मिळून ती बंद होते. मूत्राशय भरत जातं, दाब मागे मूत्रपिंडांवर येतो, रक्तात पोटॅशियम चढतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडतात. पूर्ण अडल्यावर साधारण २४ तासांत उलट्या आणि सुस्ती सुरू होते, दोन ते तीन दिवसांत मांजर जातं. पहिल्या दिवशी ओरडणारा बोका दुसऱ्या दिवशी गप्प झाला म्हणून "आराम पडला" असं घरच्यांना वाटतं. तेव्हा तो गप्प झालेला असतो पोटॅशियममुळे.

घरी तपासायचं असं: मागच्या पायांच्या पुढे, पोटाच्या खालच्या भागात दोन्ही बाजूंनी बोटं हलकेच टेकवा. मोठ्या लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा, टणक, दुखरा गोळा लागला तर ते भरलेलं मूत्राशय. फक्त टेकवायचं, दाबून लघवी काढायला जायचं नाही, कारण ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं. शिश्नाचं टोक सारखं चाटणं, थेंब-थेंब लाल लघवी, राखेत पाचव्यांदा-सहाव्यांदा जाणं, एवढ्यावरही निघायला हरकत नाही. एरंडेलाने पाणी आणखी कमी होतं, शिवाय एक दिवस वाया जातो.

निघण्याआधी दवाखान्यात फोन करून दोनच गोष्टी विचारा: बोक्याला घालायची बारीक कॅथेटर (लघवी काढायची नळी) आहे का, आणि बेशुद्धीचं औषध आहे का. गुरांच्या दवाखान्यात ही कॅथेटर बऱ्याचदा नसते. नसली तरी डॉक्टर बारीक सुईने पोटातून मूत्राशय रिकामं करून पुढच्या प्रवासापुरता वेळ मिळवून देऊ शकतात, सलाईन लावू शकतात. तेवढं करून मोठ्या ठिकाणी जा. कॅथेटर घातल्यावर ती एक ते तीन दिवस ठेवावी लागते, सलाईन चालू राहतं. नळी मोकळी झाल्यावर लगेच घरी आणलेला बोका पुन्हा अडण्याची शक्यता बरीच असते.

भाटीची नळी रुंद असते, ती क्वचितच अडते. तिच्या लघवीत रक्त दिसलं तर एक-दोन दिवसांत दाखवलं तरी चालतं, ती खातपीत असेल तर.

ढेप_सरकी

समजलं. पुढे पुन्हा होऊ नये म्हणून काय?

जित्राब_डॉक्टर

पाणी. कोरडं खाणं कमी करून ओलं वाढवा, शिजवलेल्या मांसाचं बिनमिठाचं पाणी द्या, पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा. पसरट मातीचं भांडं खाण्यापासून लांब ठेवलं की मांजर जास्त पितं.

वर्धाकाठची_ताई

माणसांच्या गोळ्यांबद्दल स्पष्ट लिहा डॉक्टर. तापाची गोळी पाव तुकडा करून देणारे घरोघरी आहेत.

जित्राब_डॉक्टर

ताई, बरं झालं विचारलं. पॅरासिटामॉल मांजराला द्यायचंच नाही, पाव गोळीही नाही, लेकरांचं सिरपही नाही. माणसाचं यकृत ज्या रसायनाच्या मदतीने हे औषध निकामी करून बाहेर टाकतं, ते मांजरात फारच कमी असतं. औषधाचा विषारी भाग रक्तात फिरत राहतो, तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्याच्या कामातून जातं. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव तुकडा म्हणजे १२५ मिलिग्रॅम. तीन किलोच्या मांजरात ते किलोमागे ४० च्या वर जातं आणि मांजरांत किलोमागे १० मिलिग्रॅमनेही विषबाधा झालेली आहे.

काही तासांत हिरड्या तपकिरी, श्वास जलद, तोंड आणि पंजे सुजलेले दिसतात. उतारा आहे: एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन. ते गुरांच्या दवाखान्यात नसेल पण माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतं. आपल्या डॉक्टरला नाव सांगा, ते पहिला डोस किलोमागे १४० मिलिग्रॅम आणि नंतर ७० च्या हिशोबाने ठरवतील. गोळी पोटात गेल्याचं कळताच निघालात तर वाचण्याची संधी चांगली असते, हिरड्या बदलायची वाट बघू नका.

आणखी एक सांगून ठेवतो. गुरांसाठी येणाऱ्या तापाच्या-दुखण्याच्या काही इंजेक्शनांत मेलॉक्सिकॅमसोबत पॅरासिटामॉलही मिसळलेलं असतं. कोणी ढोराला दिल्यावर उरलेलं मांजराला टोचायला निघालं, तर आधी बाटलीवरचा मजकूर वाचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन घरी देणं तर नाहीच. मूत्रपिंड जातात, पोटात व्रण पडतात.

कोठ्यातली_भाटी

बाटलीवरून आठवलं, गोचिडाच्या औषधाचंही इथे यायला पाहिजे. आपल्याकडे बैल-शेळ्यांना गोचीड झाले की सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन नाहीतर अमिट्राझ पाण्यात कालवून अंगावर चोळतात. तेच उरलेलं पाणी पिसवांसाठी मांजराच्या अंगावर जातं. पहिली दोन त्याच गटातली आहेत ज्यात कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांमधलं परमेथ्रिन येतं, आणि मांजर हा गट पचवू शकत नाही. काही तासांत कान-कातडी थरथरते, मग अंगभर झटके. अमिट्राझने उलट मांजर ढेपाळतं, अंग गार पडतं. कोठ्यात फवारणी केली तर सगळं पूर्ण वाळेपर्यंत मांजराला आत सोडू नका, ओल्या बैलाच्या अंगाला घासूनही ते लागतं.

लागलंच तर भांडी घासायचा पातळ साबण आणि कोमट पाणी, दोनदा धुवा, नंतर कोरडं करून उबेत ठेवा. गरम पाणी वापरलं तर कातडीखालचं रक्त वाढून औषध आणखी शोषलं जातं. चाटू द्यायचं नाही. आणि धुऊन झालं म्हणजे संपलं असं नाही, झटके थांबवायचं औषध डॉक्टरकडेच असतं.

मेळघाटवाट

करंजीचं तेल, निंबाचं तेल चालतं ना? ते तर झाडाचं आहे.

जित्राब_डॉक्टर

मेळघाटवाट भाऊ, झाडाचं आहे म्हणून मांजराला चालेल असं नाही. मांजर दिवसातला मोठा वेळ अंग चाटण्यात घालवतं. अंगाला लावलेलं सगळं पोटात जातं. निंबाचं दाट तेल चाटून लाळ गळणं, उलट्या, थरथर होते. टर्पेंटाइन, फिनाइल, डेटॉल हेही याच कारणाने बाद.

पिसवांवर खात्रीचा उपाय म्हणजे मांजरासाठीच आलेले मानेवरचे थेंब, सेलामेक्टिन किंवा फिप्रोनिल असलेले. पिसवा आहेत की नाही कळत नसेल तर बारीक दातांच्या फणीने पाठ विंचरा, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. कणाभोवती लाल डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचंच पचलेलं रक्त. महिन्याच्या आतलं पिल्लू पिसवांनी भरलं असेल तर औषध नको, फणी आणि कोमट पाणीच. अशा पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर रक्त फार कमी झालंय, त्याच दिवशी न्या.

गुरांना गोचीड-जंतांसाठी टोचतात ते आयव्हरमेक्टिनही लोक मांजराला देतात, त्याचा हिशोब सांगतो. गुरांचं इंजेक्शन १ टक्का असतं, म्हणजे एका मिलीत १० मिलिग्रॅम. तीन किलोच्या मांजराला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम धरलं तर लागतं ०.६ मिलिग्रॅम, म्हणजे फक्त ०.०६ मिली. इन्सुलिनच्या १०० युनिटच्या (एक मिलीच्या) सिरिंजवर सहा युनिट. साध्या सिरिंजने अंदाजे अर्धा मिली ओढला की आठपट डोस झाला. मग मांजर अडखळतं, डोळ्यांनी दिसेनासं होतं, बेशुद्ध पडतं. हे डॉक्टरने मोजूनच द्यायचं औषध, आणि लहान पिल्लांना नाहीच.

पऱ्हाटी_काठ

फवारणीचा हंगाम तोंडावर असतो तेव्हा उपयोगी पडेल म्हणून लिहितो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून माणसं मास्क-हातमोज्यांचं थोडं तरी बघतात. मांजराचं बघायला पाहिजे ते असं. पंप धुतलेलं पाणी अंगणात सांडू नका. फवारणीचे कपडे खाटेवर टाकू नका, मांजर नेमकं त्याच्यावर जाऊन झोपतं. रिकामा डबा तर पाण्याच्या भांड्याजवळही नको.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस या गटाची विषबाधा ओळखायची खूण: तोंडातून सारखी लाळ, डोळ्यातून पाणी, बाहुली बारीक टिंबाएवढी, हगवण, अंगाला थरथर, श्वासात घरघर. यावर अ‍ॅट्रोपिन चालतं आणि ते बहुतेक गुरांच्या दवाखान्यात असतं, म्हणून इथे शहर गाठायच्या नादात वेळ घालवू नका, जवळचाच दवाखाना आधी. डब्याच्या लेबलचा फोटो काढून न्या. त्यावरचं रसायनाचं नाव आणि त्रिकोणाचा रंग, दोन्ही दिसू द्या. लाल त्रिकोण सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा.

मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. मिठानेच मांजर जाऊ शकतं आणि ओकारी फुफ्फुसात गेली तर दुसरं संकट. अंगावर सांडलं असेल तर हातमोजे घालून साबण-पाण्याने धुवा.

वर्धाकाठची_ताई

+१. उंदराच्या औषधाचं मी लिहिते.

आपल्याकडे दोन प्रकार जास्त चालतात. काळसर पूड, म्हणजे झिंक फॉस्फाइड, पिठात कालवून ठेवतात. आणि रंगीत वड्या, ज्यात ब्रोमाडिओलोन असतं. मांजर वडी खात नसलं तरी विष खाल्लेला अर्धमेला उंदीर सहज पकडतं.

पूड पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू तयार करते. काही मिनिटांपासून चार-पाच तासांत उलट्या, पोट फुगणं, झटके. खायला काही दिलं की पोटात आम्ल वाढतं आणि वायूही वाढतो, म्हणून दूध-तूप पाजायचं नाही. उलटीला लसणासारखा वास येतो, तो वायू आपल्यालाही घातक असतो. गाडीत नेताना काचा उघड्या ठेवा.

वडीचं उलट आहे. तीन ते पाच दिवस काहीच दिसत नाही. विष रक्त गोठवणारे घटक तयार होऊ देत नाही, आधीचा साठा संपला की रक्तस्राव सुरू होतो: नाकातून, हिरड्यांतून, पोटात, छातीत. बाहेरून रक्त न दिसता नुसती धाप आणि पांढऱ्या हिरड्याही असू शकतात. यावर व्हिटॅमिन के-१ लागतं, के-३ चा उपयोग नाही, आणि तीन-चार आठवडे द्यावं लागतं. आठ दिवसांत मांजर टवटवीत दिसलं म्हणून गोळ्या बंद केल्या की पुन्हा रक्त जातं. वडीचं पाकीट फेकू नका, डॉक्टरला ते बघायला लागतं.

सावजी_रस्सा

खाण्यापिण्याचंही सांगा कोणी. पोळी-दूध चालतं की नाही, यावर आमच्या पारावर एकमत नाही.

कोठ्यातली_भाटी

चालत नाही, म्हणजे पोट भरतं पण भागत नाही. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याचजणांना दुधातली साखर पचत नाही, मग पातळ हगवण. आणि मांजराला टॉरीन नावाचा घटक मांसातूनच मिळतो, शरीरात पुरेसा बनत नाही. तो काही महिने कमी पडला की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय पसरट, कमजोर होतं. उंदीर मारणारं मांजर हे बाहेरून भरून काढतं. खरी अडचण घरात कोंडून ठेवलेल्या आणि पोळी-दूध-भातावर वाढवलेल्या मांजराची.

तीन-चार किलोच्या मांजराला दिवसाला १२० ते १५० ग्रॅम शिजवलेलं बिनहाडाचं कोंबडीचं मांस पुरतं, त्यात हृदयाचे तुकडे असू द्या, टॉरीन तिथे भरपूर असतं. उकळलेल्या पाण्यात टॉरीन उतरतं, ते पाणी फेकू नका. नुसत्या मांसात कॅल्शियम नसतं, म्हणून अंड्याच्या कवचाची वस्त्रगाळ पूड सपाट पाव चमचा. काळीज आठवड्यातून एकदा-दोनदा, थोडंच. शिजलेली हाडं नको, तुटून टोकदार होतात. माळकरी घरात मांस शिजत नसेल तर मांजराचं तयार कोरडं खाणं रोज ४०-५० ग्रॅम, हाच सरळ मार्ग.

आणि नाव सावजी घेतलंय म्हणून मुद्दाम: रश्श्यात बुडवलेला तुकडा देऊ नका. कांदा-लसूण कच्चा असो, शिजलेला असो की वाटलेला, मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. किलोमागे पाच ग्रॅम कांद्यानेही रक्तात बदल दिसतो. हे लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी लघवी गडद आणि हिरड्या फिक्या होतात. बिनमसाल्याचा तुकडा आधीच बाजूला काढायचा.

मेळघाटवाट

जंताचं औषध शेळीचं चालतं का?

जित्राब_डॉक्टर

शेळीचं अल्बेंडाझोल मांजराला नको, अस्थिमज्जेवर परिणाम होतो. प्राझिक्वांटेल आणि पायरँटेल असलेली मांजराची गोळी घ्या, वजनावर. वजन किराणा दुकानाच्या काट्यावर पिशवीत घालून होतं. पिल्लांना गोल जंतांसाठी पायरँटेलचं पातळ औषध, तिसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी, दोन महिन्यांचं होईपर्यंत. मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा. उंदीर खाणाऱ्या मोठ्या मांजराला दर तीन महिन्यांनी. शेपटीखाली तांदळाच्या कणीएवढे पांढरे तुकडे चिकटलेले दिसले तर तो पट्टकृमी. तो उंदरांतून येतो तसा पिसवांतूनही येतो, म्हणून पिसवा न घालवता नुसती गोळी दिली तर महिनाभरात परत.

गोळी द्यायची पद्धत: मांजर टॉवेलमध्ये गुंडाळा, वरच्या जबड्याला गालाच्या हाडांजवळ धरून डोकं किंचित मागे करा, गोळी जिभेच्या मुळाशी टाका, तोंड मिटा. आणि नंतर सिरिंजने तोंडाच्या बाजूने पाच मिली पाणी, थोडं-थोडं. हे पाणी चुकवू नका. डॉक्सिसायक्लिनसारखी कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे भाजल्यासारखी जखम होते आणि नळी कायमची आवळते.

ढेप_सरकी

लशींचं? तालुक्याला मिळतात का?

जित्राब_डॉक्टर

रेबीजची लस बहुतेक ठिकाणी मिळते: मांजर तीन महिन्यांचं झालं की पहिली, मग दरवर्षी. दुसरी तीन आजारांची एकत्रित लस, पॅनल्युकोपेनिया (मांजरांचा विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार) आणि सर्दीचे दोन विषाणू. ती आठव्या आठवड्याच्या सुमारास सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत. मग वर्षाने एकदा. ही तालुक्याला मागवावी लागते. दोन-तीन घरांची मांजरं एकाच दिवशी ठरवली तर डॉक्टरलाही मागवणं सोपं. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहिली पाहिजे, आपल्याकडच्या मे महिन्यात ती बर्फाच्या डब्यातून आली का, हे विचारायला संकोच करू नका.

पॅनल्युकोपेनियात पिल्लू अचानक खाणं सोडतं, फेसाळ पिवळ्या उलट्या होतात, पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसतं पण पीत नाही. वाट बघायची नाही, काही तासांत पाणी आटून जातं. विषाणू जमिनीवर वर्षभरही टिकतो, साध्या फिनाइलने मरत नाही. एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी, आधी जागा साबणाने धुऊन मग दहा मिनिटं ओलं ठेवायचं. त्या घरात बिनलशीचं नवं पिल्लू लगेच आणू नका.

पऱ्हाटी_काठ

पावसाळ्यातल्या जखमांवर थोडं. बोक्यांची भांडणं झाली की चावा बाहेरून टाचणीएवढा दिसतो, आत पू होतो आणि दोन-चार दिवसांनी गळू, ताप, लंगडणं. हे फोडून धुवायला आणि प्रतिजैविक द्यायला दवाखानाच, पण एक रात्र थांबू शकतं, मांजर खात असेल तर. घरी अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक लहान सपाट चमचा मीठ टाकून जखम धुवा. पोव्हिडोन आयोडीन असेल तर फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करा. अळ्या पडल्या तर ढोराला टाकतात ते टर्पेंटाइन किंवा फिनाइल टाकू नका. केस कापा, चिमट्याने दिसतील तेवढ्या काढा, मिठाच्या पाण्याने धुवा आणि न्या. खोल अळ्यांसाठी भूल लागते.

तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबतोय तर ओढायचा नाही. तो जिभेच्या मुळाशी अडकून आतड्यांत पसरलेला असतो, ओढला की आतडं कापतं. कापूस वळायचा दोरा, सुईचा दोरा, मांजा, सगळ्याला हेच.

वर्धाकाठची_ताई

उन्हाचं राहिलं. टिनाच्या खोलीत दुपारी मांजर कोंडून वावरात जाऊ नका. ४५ अंशांत टिनाखाली ते दोन-तीन तासही काढू शकत नाही. तोंड उघडून धाप, लाळ, अडखळत चालणं, अंग १०४-१०५ च्या वर: साध्या पाण्याने अंग, पोट, पंजे भिजवा, पंख्याखाली ठेवा. बर्फाचं पाणी नको, कातडीच्या शिरा आवळतात आणि आतली उष्णता आतच राहते. १०३.५ ला भिजवणं थांबवा, नाहीतर खाली घसरत जातं. शुद्धीत आलं तरी दाखवाच, मूत्रपिंडांवर परिणाम एक-दोन दिवसांनी कळतो.

सावजी_रस्सा

दवाखाना नेमका कोणता धरायचा?

पऱ्हाटी_काठ

सरकारी दवाखान्याच्या पाटीवर श्रेणी-१ की श्रेणी-२ ते बघा. श्रेणी-१ ला पदवीधर डॉक्टर, म्हणजे पशुधन विकास अधिकारी असतात. श्रेणी-२ चं काम पर्यवेक्षकांवर असतं, गुरांच्या प्रथमोपचाराला चांगलं, पण बोक्याची कॅथेटर तिथे होणार नाही. त्यावर जिल्ह्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय. आणि मोठ्या कामाला नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था; दोन्ही महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या, दोन्हीकडे रुग्णालय आहे. भंडारा, गोंदिया, वर्धा, चंद्रपूरवाल्यांना नागपूर, वाशीम, बुलडाणा, अमरावतीवाल्यांना अकोला जवळ. १९६२ या फोन क्रमांकावरच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचं मुख्य काम गुरांचं, तरी फोनवर सल्ला मागायला हरकत नाही. सगळे नंबर आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा.

नेताना भाजीचे दोन प्लास्टिकचे क्रेट एकमेकांवर पालथे घालून चारही कोपरे तारेने बांधा, आत जुनं लुगडं. हवा लागते, मोटारसायकलवर मागे घट्ट बसतं. पोत्यात घालून तोंड बांधू नका, धाप लागलेलं मांजर त्यातच गुदमरतं.

कोठ्यातली_भाटी

व्यायण्याचं एक वाक्य घाला: जोराच्या कळा सुरू होऊन अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव आला, तर घरी ओढाताण न करता निघायचं. आईविना पिल्लू सापडलं तर आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाचं पोट दूध पचवत नाही. आणि पोटावर पालथं ठेवूनच पाजायचं, उताणं नाही.

मेळघाटवाट

शेवटचं, औषध पाजताना चावलं तर माणसाने काय करायचं?

जित्राब_डॉक्टर

वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. चुना, हळद, तिखट काही भरायचं नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. रेबीजची लस तिथे मोफत मिळते, कातडीत देतात ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर रेबीजचं सीरमही (तयार प्रतिकारद्रव्याचं इंजेक्शन) लागतं, केंद्रावर नसेल तर कुठे आहे ते तिथेच विचारा आणि त्याच दिवशी जा. मांजराच्या दातांची जखम अरुंद आणि खोल असते, हात सुजायला एक दिवसही लागत नाही, म्हणून प्रतिजैविकाचं डॉक्टरला विचारा. मांजर मारू नका, हाकलू नका. दहा दिवस बांधून किंवा खोलीत ठेवून बघा. आवाज बदलला, गिळता येईना, विनाकारण अंगावर धावून येऊ लागलं, तर हात न लावता पशुवैद्यकाला कळवा. मांजर दहा दिवस ठणठणीत राहिलं तर पुढच्या डोसांचं काय करायचं ते आरोग्य केंद्राचे डॉक्टर सांगतील, आपल्या मनाने बंद करायचे नाहीत.